भिंतीवरची म्हैस आणि बिनडब्याचा ठेवा

“इमानवाल्याला माझं नाव सांग की! कसं घेत न्हाईत बघतो!” अण्णा ओरडत होते आणि गुळाची अख्खी ढेप माझ्या बॅगेत कोंबत होते. आमच्या वडिलांचा आवाज असा, की शिरोळात हाक मारावी आणि नृसिंहवाडीच्या घाटावरचे कावळे उडावेत. ढेप राहिली, मी विमानात बसून जर्मनीला आलो.

इथं जिओकॅशिंगचा नाद लागला. मोबाइलच्या नकाशावर खूण बघायची आणि कुणीतरी लपवलेला डबा, म्हणजे कॅश, हुडकायचा. पण त्यातला राजेशाही प्रकार म्हणजे व्हर्च्युअल कॅश. त्यात डबाच नाही! त्या जागी स्वतः जायचं, डोळे भरून बघायचं आणि तिथल्या एका प्रश्नाचं उत्तर कॅश मांडणाऱ्याला पाठवायचं. उचलून नेण्यासारखं काहीच नाही, तरी माणसं मुलूख तुडवत जातात. घर सोडून आलेल्या मंडळींनो, हा खेळ आपल्यासाठीच काढलाय की! असा कॅश मांडायची परवानगी क्वचित मिळते. मला मिळाली, आणि मी खूण टाकली ती थेट आमच्या घरावर. डबा ठेवला असता तर पहिल्याच पुरात कर्नाटकात पोचला असता.

आमच्या भिंतीवर पुराची रेघ आहे. त्या पुरात आमची म्हैस मालकिणीच्या तोऱ्यात जिना चढून गच्चीवर बसली, म्हणून अण्णांनी रेघेच्या वर गेरूनं तिचं चित्र काढलं. माझा प्रश्न साधा : रेघेच्या वर जनावर कोणतं?

पण दारात आलेल्या पावण्याची परीक्षा घ्यायची, हे अण्णांना पटेना. पुण्याचे आले, बंगळुरूचे आले, एक बेल्जियमचं जोडपं तर सायकलवरून आलं. चाक थांबायच्या आत अण्णांची गर्जना : “म्हैस हाय, म्हैस! लिवा आन् बसा, च्या टाकलाय!” खूण सापडायच्या आधी उत्तर सापडणारा जगातला हा एकच कॅश असावा. आलेल्यांचे शेरे वाचतो तर भिंतीबद्दल एक ओळ, अण्णांबद्दल पानभर.

आई गेल्यापासून ते एकटे. नदी फुगली की इथं माझी झोप उडते. यंदा त्यांना कायमचं इकडं आणायचं ठरवलं आणि फोन करून तसं सांगितलं.

“आन् पावणं आलं तर?”

“भिंत हाय की, अण्णा. बघतील, उत्तर पाठवतील, जातील.”

अण्णांचा आवाज खाली आलेला मी जन्मात पहिल्यांदा ऐकला.

म्हणाले, “भिंतीला च्या करता येत न्हाय.”