अळणी बाटली

किस्से उकिरड्यासारखे असतात. रोज एकेक पाटी टाकली तर काही वाटत नाही, आणि एक दिवस बघावं तर दारात ढीग! आमच्या दवाखान्याचं असंच झालं. मी चौथी नापास माणूस, लिहिणार नव्हतो. पण हल्लीची पोरं हाताला सलाईन लावून मोबाईल बघत पडलेली दिसली की माझं डोकं फिरतं. अरे, त्या बाटलीपायी आम्ही काय काय बघितलंय!

इंग्रज जायच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. जामखेडच्या बाजूचं गाव. नाव सांगत नाही, तिथली माणसं भांडकुदळ आहेत. दवाखान्यात आम्ही चौघं. गोडबोले डॉक्टर, कंपाउंडर विष्णुपंत, नर्स सगुणाबाई, आणि मी शिपाई धोंडिबा. माझं काम भट्टीवर पाण्याची वाफ धरून गार करायचं. दारू गाळतात, अगदी तस्संच! त्या पाण्यात पंत मीठ तोलून घालायचे, आणि ते बाटलीतून रबरी नळीनं माणसाच्या शिरेत सोडायचं.

त्या साली पटकी आली, म्हणजे तुमचा कॉलरा. आमच्याकडं रीत अशी, की पटकीच्या माणसाला पाण्याचा थेंब द्यायचा नाही. दिलं की ओकतो ना! म्हणजे आधीच सुकलेला माणूस, त्याला आणखी सुकवायचा.

डॉक्टर पहिल्याच दिवशी आम्हाला म्हणाले, "नीट ऐका. एक माणूस जरी बाटलीवर दगावला, तरी या दवाखान्यात कुत्रंसुद्धा फिरकणार नाही. सगळे घरात मरतील."

* * *

लोकांना पटवायला डॉक्टरांनी एक कोंबडीचं अंडं आंबट शिरक्यात, म्हणजे व्हिनेगरमध्ये, ठेवलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर कवच गायब! नुसत्या पातळ कातडीत लदलदणारं अंडं. विष्णुपंत सोवळ्यातले, ते भिंतीला चिकटून उभे. डॉक्टरांनी ते अंडं साध्या पाण्यात टाकलं. संध्याकाळपर्यंत फुगून लिंबाएवढ्याचं पेरूएवढं! मग दाट मिठाच्या पाण्यात टाकलं, तर म्हातारीच्या गालासारखं आत बसलं.

पाटील डोळे फाडून बघत होते. म्हणाले, "डाक्टर, ह्याला तोंड न्हाई. मग पानी प्यालं कुठनं?"

"कातडीतून. ज्या बाजूला मीठ जास्त, त्या बाजूला पाणी ओढलं जातं. आपल्या अंगातले बारीक बारीक कण असेच कातडीचे असतात."

पाटलांनी आपल्या सुटलेल्या पोटावरून हात फिरवला आणि गुमान घरी गेले. आठ दिवस त्यांनी अंघोळ केली नाही!

* * *

मीठ माणूस वाचवतं, ही बातमी मात्र गावभर झाली. तिसऱ्या दिवशी एका शेतकऱ्याला खाटेवर घालून आणला. डोळे खोल गेलेले, बोटं सुरकुतलेली. डॉक्टरांनी विचारलं, "घरी काय दिलंत?"

त्याची भावजय छाती काढून म्हणाली, "मीठ! चांगलं मूठभर, घोटभर पान्यात!"

डॉक्टर मटकन खाली बसले. मला वाटलं ह्यांनाच पटकी झाली.

"अहो बाई, एवढं मीठ पोटात गेलं की ते अंगातलंच पाणी आतड्यात ओढतं! कैरीच्या फोडींना मीठ लावल्यावर काय होतं?"

"पानी सुटतं. फोडी आकसत्यात." बाईनं खाटेकडं बघितलं. "अगं बया! म्हंजी आमी भाऊजींचं लोनचं घातलं?"

भाऊजी वाचले. तीन बाटल्या लागल्या. पण पुढं जन्मभर गावात त्यांचं नाव 'लोणचं' पडलं ते पडलंच.

* * *

आता माझा किस्सा. मी एकदा डॉक्टरांना म्हणालो, "साहेब, मिठाची एवढी तोलाई कशाला? नुसतं भट्टीचं पाणी सोडलं तर? ते तर गंगेहून स्वच्छ!"

त्यांनी माझं बोट टोचलं. दोन काचेच्या नळ्या घेतल्या. एकीत मिठाचं पाणी, दुसरीत नुसतं भट्टीचं. दोन्हींत माझ्या रक्ताचा एकेक थेंब. पंतही वाकून बघत होते. मिठाच्या पाण्यात रक्त गढूळच राहिलं. भट्टीच्या पाण्यात ते बघता बघता सरबतासारखं लाल आणि आरपार झालं!

"कण पाणी ओढून ओढून फुगले आणि फुटले," डॉक्टर म्हणाले. "हे पाणी पोटात गेलं तर पाणी. शिरेत गेलं तर विष."

मीच ते विष गाळत होतो की!

त्या दिवसापासून पंतांच्या मीठ कालवायच्या पातेल्याच्या तळाशी उरलेलं पाणी मी दर वेळी चाखायला लागलो. किती खारट पाहिजे विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, "रडताना ओठावर येतं तेवढं."

"मी रडत नसतो," मी म्हणालो.

सगुणाबाई म्हणाल्या, "मग लगीन झालं न्हाई का तुमचं?"

* * *

आणि मग विष्णुपंतांची आईच आली. तिला आम्ही सगळे माई म्हणायचो. पहाटेपासून जुलाब, दुपारी आणली तेव्हा नाडी लागेना. सगुणाबाईंनी सुई घातली. पंत बाटली भरून घेऊन आत गेले. मी सवयीनं पातेल्यातलं जिभेवर घेतलं.

अळणी!

परत घेतलं. अळणीच!

मी धावलो. पंतांचा हात नळी बंद ठेवणाऱ्या चिमट्यावर होता. मी नळी मुठीत आवळली. त्यांनी माझ्या कानाखाली जाळ काढला.

"पंत, मीठ कुठाय?"

"माईनं चातुर्मासात मीठ सोडलंय," ते म्हणाले. "शपथ घातलीय मला. मीठ अंगात गेलं तर तोंड बघणार नाही म्हणते."

"आवो, माझं रक्त फुटलेलं तुमी डोळ्यांनी बघितलं ना?"

"ते तुझं रक्त होतं, धोंडिबा! माईचं चाळीस वर्षांच्या व्रताचं आहे!"

एवढा शिकलेला माणूस!

डॉक्टर दारात उभे होते. ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "पंत, तुम्हाला माई पाहिजे की व्रत?"

पंत ढसाढसा रडले. डॉक्टरांनी त्यांचा हात धरून मीठ तोलायला लावलं. एक बाटली गेली. दुसरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी सगुणाबाई आतून ओरडल्या, "लघवी झाली!" अंगात पाणी ठरल्याची ती खूण, मुलगा झाल्यासारख्या ओरडल्या. दुपारी माईनं डोळे उघडले. चौथी बाटली वर टपटपत होती.

पंतांनी पेजेचा चमचा तिच्या तोंडाला लावला. माईनं एक घोट घेतला आणि फुर्रकन पंतांच्या तोंडावर उडवला.

"मेल्या, मीठ घातलंस! जन्मदात्या आईचं व्रत मोडतोस?"

आम्ही चौघांनी एकदम वर बाटलीकडं बघितलं, आणि एकदम माना खाली घातल्या.

डॉक्टर म्हणाले, "चुकलंच तुमचं, पंत. माईंना अळणी पेज आणा!"