समुद्राचं सुतक

रेलीनच्या उजव्या पायाला चारच बोटं होती. पाचवं कुठे गेलं ते त्यांच्या यांबा गावातल्या बाउल्स क्लबात सगळ्यांना पाठ होतं, कारण तिचा नवरा वॉरिक ती गोष्ट दर शुक्रवारी बिअरचा ग्लास हातात धरून रंगवून सांगायचा. फिजीतलं ते बेट, प्रवाळाच्या कठड्यावर फुटणाऱ्या जन्मात पाहिल्या नाहीत अशा लाटा, आणि नेमकं त्याच दिवशी हिच्या करंगळीला सडायचं सुचतं. "बोटं काय, तिला आणखी नऊ आहेत," तो म्हणायचा. "तसा दिवस मला पुन्हा कोण देणार?" लोक हसायचे. रेलीन क्लबाच्याच स्वयंपाकघरात चिप्स तळायची, आणि तिथे सगळं ऐकू यायचं.

गोष्टीतला उरलेला भाग तो गाळायचा. लाटांवर स्वार व्हायची त्याचीच जादा फळी किनाऱ्यावर आणताना तिचा पाय प्रवाळावर कापला होता. दुसऱ्या दिवशी ताप चढला, पाऊल टरारून सुजलं. नासाउवे गावात होडी एकच आणि दवाखाना समुद्रापलीकडे. ती होडी वॉरिकने सकाळीच कठड्याकडे नेली होती, पाऊल बघून, दुपारी येतो म्हणून. आला दिवेलागणीला. नाकाची सालं निघालेली, डोळ्यांत नुसता आनंद. दारातूनच म्हणाला, "रेल, तू आज बघायला हवं होतंस." दिवसभर रेलीनच्या उशाशी बसून पाला ठेचून बांधणाऱ्या गावातल्या वासितीने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि ती उठून गेली.

त्याच्याआधीही बाली, टोंगा, सामोआ झालंच होतं. तो पाण्यात, ही वाळूत टॉवेल राखत. रेलीनला पोहायलाही फारसं येत नसे. पण नासाउवेच्या किनाऱ्यावर बसून बसून तिला बायका भेटल्या, बायकांबरोबर चटया विणता विणता त्यांची भाषा आली, आणि घरी परतल्यावरही वासितीचा फोन यायचा. वॉरिकला त्या भाषेत फक्त 'नमस्कार' यायचा, आणि तोही चुकीच्या वेळी.

या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला म्हणून वॉरिकने छपरं घालायचं काम सोडलं आणि जाहीर केलं, की आता निवांत सहल करायची. "धावपळ नको. या खेपेला सगळं तूच ठरव, राणी. मला फक्त लाटा दे."

त्याच आठवड्यात वासितीचा फोन आला होता. गावाचे म्हातारे प्रमुख गेले. रेलीन रडली, आणि ते रडणं खरं होतं; तापात पडली होती तेव्हा म्हाताऱ्याने रोज सकाळी तिला पिकली पपई पाठवली होती. मग वासितीने रीतीप्रमाणे सांगितलं, की प्रमुखांबरोबर गावासमोरचा समुद्रही मिटला आहे. शंभराव्या रात्रीपर्यंत तिथे जाळं पडणार नाही, होडी जाणार नाही, कुणी पाण्यात उतरणार नाही. रेलीनने डोळे पुसले आणि शंभरावी रात्र कधी ते विचारलं. वासितीने सांगितलं. रेलीनने बोटांवर त्याआधीचे आठवडे मोजले. मग वासितीच म्हणाली, "दाजींना घेऊन ये की. बसू दे त्यांनाही दुखवट्याला."

स्वयंपाकघरातल्या टेबलावर बेत शिजला. वॉरिकने एकेक गोष्ट खोदून विचारली. त्या महिन्यात वारा कुठला? दक्षिण-पूर्वेचा, पण बेटाच्या आडोशाने कठड्यावर पाणी काचेसारखं. लाट? दक्षिणेची, ऐन मोसमातली. भरती? सकाळची. आणि गर्दी?

"पाण्यात चिटपाखरू नसेल," रेलीन म्हणाली.

"नक्की?"

"तुला लिहून हवंय का?"

वॉरिकने तिला कमरेला धरून स्वयंपाकघरभर नाचवलं. ती एक अक्षर खोटं बोलली नव्हती. लाटेबद्दल जे जे विचारता येतं ते त्याने विचारलं. माणसांबद्दल काही विचारायचं असतं हे त्याच्या गावी नव्हतं. तेवढ्यात वासितीचाच फोन आला, तर रेलीनने तो त्याच्यापुढे धरला. "बोल ना. गावात काय चाललंय विचार तिला."

"तूच बोल. माझा नमस्कार सांग."

रेलीनने हात तसाच पुढे धरून ठेवला. त्याने खुर्ची ओढली आणि तो फळीवरचं जुनं मेण खरवडायला लागला. मग तिने फोन कानाला लावला. एवढीच एक संधी तिने त्याच्यासाठी राखली होती.

नेहमी गावासमोर लागणारी होडी मागच्या खाडीत लागली. का, ते वॉरिकने विचारलं नाही. गुडघे कुरकुरत असताना तीन फळ्या डोक्यावर घेऊन तो टेकडी चढून उतरला. गावात बायका काळ्या कपड्यांत होत्या. कठड्याजवळच्या खांबाला काळं फडकं बांधलेलं होतं. त्याने फडकं पाहिलं आणि वारा कुठला ते ताडून तो खूश झाला.

संध्याकाळी रीतीप्रमाणे पेय करायच्या यंगोनाच्या मुळांची जुडी पुढे ठेवून दोघं मोठ्या घरात बसली. म्हाताऱ्या प्रमुखांच्या जागी त्यांचा भाऊ बसला होता. गावाच्या वतीने त्यांचा वक्ता अपेनिसा त्यांच्या भाषेत बोलला, आणि बराच वेळ बोलला. गेलेल्या माणसाचं नाव घेतलं, मिटलेल्या समुद्राबद्दल सांगितलं, आणि जो ही वाटी पिईल तो आमच्या दुखवट्यातला, आमचं सुतक त्याचंही, असं म्हणाला. वॉरिकने जांभई दाबली, इतरांचं बघून बरोबर जागी टाळ्या वाजवल्या आणि वाटी एका दमात रिकामी केली. म्हातारी माणसं गहिवरली. वासितीने रेलीनच्या मांडीला हळूच चिमटा काढला.

सकाळी कठड्यावर लाटा उभ्या राहिल्या होत्या. एकामागून एक, हिरव्यागार, डोक्यापेक्षा उंच, आणि पाण्यात खरोखरच चिटपाखरू नव्हतं. वॉरिक फळी काखोटीला मारून वाळूत ओढून ठेवलेल्या गावच्या होडीकडे धावला. अपेनिसाने त्याला इंग्रजीत, फार आदराने समजावलं. मग वॉरिक किनाऱ्याने खांबापर्यंत गेला आणि गुडघाभर पाण्यात उभा राहिला. त्याला कुणी अडवलं नाही. झाडाखाली विणत बसलेल्या बायकांचे हात तेवढे थांबले. काल गहिवरलेला एक म्हातारा काठी टेकून उभा राहिला आणि त्याच्याकडे बघत राहिला, रागाने नव्हे, घरातलाच कुणी चुकत असताना बघावं तसा. एक लाट फुटली. आणखी एक फुटली. वॉरिक मागे फिरला.

तो झाडाखाली बायकांत विणत बसलेल्या रेलीनसमोर येऊन उभा राहिला तेव्हा त्याच्या पोटऱ्यांवरून पाणी गळत होतं.

"तुला माहीत होतं."

"हो."

"तिकीट काढायच्या आधीपासून?"

"तू खुर्ची ओढलीस ना, त्याच्याही आधीपासून."

"मी दुसऱ्या बेटावर जातो."

"जा की. खाडीतली होडी परतीच्या दिवशीच येईल. आणि जाताना त्या म्हाताऱ्यांना सांगून जा, की वाटी उगाच प्यायलो म्हणून."

वासितीने काहीतरी विचारलं. रेलीनने उत्तर दिलं. झाडाखाली बायका तोंडाला पदर लावल्यासारख्या खाली वाकून हसल्या. ते काय बोलणं झालं असं वॉरिकने विचारलं. आयुष्यात पहिल्यांदाच विचारलं.

"ती म्हणते, दाजी आजारी आहेत का. मी म्हटलं, नाही, त्यांना बोटं दहाच्या दहा आहेत."

तो बराच वेळ तिच्या पावलाकडे बघत राहिला. कठड्यावरून तो खोल, पोकळ आवाज येत होता, ज्याच्यासाठी त्याने जन्मभर सगळं सोडलं होतं. शेवटी आवाज खाली आणून तो म्हणाला, "बरं. समजलं मला. फिटलं ना आता?"

रेलीनने विणीतली पात दातांनी ओढून घट्ट केली.

"कसलं फिटतंय? दक्षिणेला मोठं वादळ झालंय. त्याच्या लाटा गुरुवारी इथे पोचतील. याच्या दुप्पट असतील असं म्हणतात." ती चटईवर थोडी सरकली. "बस. इथून छान दिसतं."