तीन राउंड मीठ, तेहतीस राउंड साखर

बहात्तरच्या दुष्काळात फौजेतली आमची ड्यूटी पाण्याच्या टँकरवर होती. नगरहून निघायचं, तिसगावच्या पुढे माळावर खडी फोडणाऱ्या मजुरांच्या तळावर पाणी द्यायचं आणि परत. आम्ही तिघं होतो : हवालदार मोरेसाहेब, ड्रायव्हर लान्स नाईक सीताराम आणि वायरलेसवर मी. पाण्यावरून हाणामाऱ्या होत, म्हणून सोबत दोन रायफली आणि चाळीस राउंड, म्हणजे काडतुसं. हिशेबात मी हुशार, अशी माझी ख्याती होती. ती मीच पसरवलेली होती.

टँकरचा अ‍ॅक्सल तुटला आणि आम्ही तळावर अडकलो. दुसऱ्या दिवशी सकाळी झोपड्यांमध्ये गॅस्ट्रो सुरू झाला. तासाभरात सात-आठ माणसं आडवी झाली. मग सीतारामही. मी नगरला, फौजेच्या डॉक्टरांना वायरलेस लावला.

"डॉक्टरसाहेब, सलाईन कधी? ओव्हर."

"गाडी संध्याकाळी. तोवर पाजत राहा. उकळून गार केलेलं पाणी. वीस लिटरला मीठ सत्तर ग्रॅम, साखर आठशे. मीठ जास्त नको, आणखी ओकतील. ओव्हर."

साखर आमच्या रेशनची होती. मीठ तळावर स्वयंपाक करणाऱ्या कोंडामामींनी दिलं. तराजू मात्र मुकादमाच्या घरी, तिसगावात.

"साहेब, तराजू कशाला? मी आहे ना," मी म्हणालो.

लंगरमध्ये, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरात, एका मग्यात पाव किलो आटा मावतो, हे मला पाठ होतं. म्हणजे मीठही पाव किलोच मावणार! त्या हिशेबानं वीस लिटरच्या जेरीकॅनमध्ये पाव मग्याच्या वर मीठ घातलं, तीन मग्यांच्या वर साखर घातली. वर आमच्या घरची रीत : माप सपाट द्यायचं नाही, शीग लावायची. मिठालाही शीग म्हणून वर एक मूठ टाकली.

सीतारामनं पहिला घोट घेतला आणि थुंकला.

"आरं, ह्ये पानी हाय का लोनच्याचा खार?"

कोंडामामींनी बोट बुडवून चाखलं. "बाबा, तुझ्या बायकूला दंडवत रं. रोज तुझ्या हातचं खाती कसं?"

लग्न झालेलं नव्हतं. ते सांगायची वेळही नव्हती. मोरेसाहेबांनी जेरीकॅन ओतून द्यायला लावला. ज्या माळावर बाया एका हंड्यासाठी भांडत, तिथे मी वीस लिटर पाणी जमिनीत घातलं. टँकरच्या तळाशी जेमतेम तीन जेरीकॅन पाणी उरलं होतं. झोपडीतून कण्हणं ऐकू येत होतं.

"आता काय?" मोरेसाहेब म्हणाले.

समोर रायफल टेकवून ठेवली होती. वेपन ट्रेनिंगच्या उस्तादांनी उन्हात उभं करून घोकून घेतलेलं आठवलं : राउंडचं वजन चोवीस ग्रॅम.

"साहेब, राउंड द्या."

"डोकं फिरलं का?"

"वजनाला, साहेब."

काठीला मधोमध तार बांधली, दोन टोकांना मेसटिनची, आमच्या जेवणाच्या डब्यांची, दोन झाकणं. एकात तीन राउंड, दुसऱ्यात मीठ. काठी सरळ झाली. ते मीठ मग्यात ओतलं तर तळाला जेमतेम बोटभर. साखरेला तेहतीस राउंड लागले, ती दोन मग्यांना थोडी कमी भरली. मग्यावर खिळ्यानं रेघा मारल्या. पुढे रेघेपर्यंतच, शीग नाही.

पाणी उकळून गार व्हायला पुन्हा वेळ गेला. कोंडामामी झोपडी-झोपडीत पाजत फिरल्या. मी सीतारामला पाजत होतो. त्याचे डोळे आत गेले होते, हात बर्फासारखे.

"कसं हाय?" मी विचारलं.

"आता बेस. मघाशीच करायचं न्हाई व्हय, येड्या?"

थोडं पोटात राहायचं, बरंच बाहेर पडायचं. मी पुन्हा पाजायचो. दिवस कलल्यावर तो बोलायचा थांबला. मोरेसाहेबांनी त्याची नाडी धरली ती बराच वेळ सोडली नाही. गाडी आली तेव्हा त्याच्या अंगावर चादर होती.

डॉक्टरांनी मग्यावरच्या रेघा पाहिल्या आणि मान डोलावली. म्हणाले, त्याला शिरेतूनच द्यायला हवं होतं. मला वाईट वाटू नये म्हणून म्हणाले की खरंच, ते मी विचारलं नाही.

झोपड्यांमधली माणसं वाचली. चाळीसच्या चाळीस राउंड आम्ही जमा केले.

लान्स नाईक सीताराम घोडेगावचा. एकाहत्तरला पश्चिम सीमेवरच्या लढाईतून अंगावर ओरखडाही न घेता परत आला होता. पुढच्या वर्षी आपल्याच जिल्ह्यात, घरापासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर गेला.