गेनबांचा सिद्धांत

हिंजवडीत गेनबांच्या उसाच्या रानात काचेच्या इमारतीची आयटी कंपनी उभी राहिली, तेव्हापासून ते रोज समोरच्या पारावर बसून ती न्याहाळत. आत कच्चा माल जाईना, बाहेर पक्का माल येईना. ये-जा फक्त माणसांची: सकाळी रसरशीत आत, संध्याकाळी चिपाडं होऊन बाहेर. गेनबांनी अनुमान काढलं, "आत गुऱ्हाळ हाय."

फिजिक्स शिकलेली नात राजनंदिनी म्हणाली, "आबा, ही नुसती कल्पना झाली. विज्ञानात प्रूफ लागतं."

"लागू दे की. पर आधी सुचाया तर पायजे."

पुढं तिला त्याच कंपनीत नोकरी लागली. पहिला आठवडा संपवून घरी आली ती चपलांसकट बाजेवर आडवी झाली. गेनबांनी तिला निरखून पाहिलं आणि बायकोला हाक दिली, "पाणी आण गं, प्रूफ आलंय."