बारवेतला आवाज

“मॅडम, हे पुस्तक ड्रॉप करू. पानापानावर जादू आहे, पण भीती कुठंच वाटत नाही.”

पुण्याहून प्रकाशक साहेबांचा फोन. मी परभणीत राहून त्यांच्यासाठी संपादन करते. संपादन म्हणजे नुसतं शुद्धलेखन नव्हे. गोष्ट कुठं लंगडते ते शोधायचं.

कादंबरी ताडकळसच्या प्रशांत नावाच्या शिक्षकाची, पहिलीच. काळ यादवांचा आणि त्यात जादू. याला हिस्टॉरिकल फँटसी म्हणतात. नायिका रेवा सैनिकांपासून पळत बारवेत उतरते, मंत्र म्हणते, अदृश्य होते. पोराचा हात चांगला होता. मी थोडी मुदत मागून घेतली.

मी त्याला फोन लावला. “प्रशांत, तुमची बारव गोल आहे की चौकोनी?”

“मॅडम, फँटसीच हाय की. कशीबी चालंल.”

“चला, एक बघून येऊ.”

देवगाव फाट्यावर भेटलो. तिथून त्याच्या मोटारसायकलवर सेलू तालुक्यातल्या एका गावात गेलो. बारव म्हणजे पायऱ्यांनी पाण्यापर्यंत उतरता येणारी दगडी विहीर. इथल्या पायऱ्या दोन भिंतींमधून वळत खाली जात होत्या. प्रशांत पुढं उतरला आणि वळणावर दिसेनासा झाला.

“कुठं आहात?”

“इथंच!”

आवाज माझ्या पाठीमागून आला. दचकून वळले. मागं कुणी नव्हतं.

धुणं घेऊन आलेली एक बाई हसायला लागली. “हुडकू नका, बाई. हितं आवाज असाच फसवतोय. लपाछपीत लय लेकरं रडल्यात.”

प्रशांत धापा टाकत वर आला. “मॅडम, मग मंत्र कशाला पायजे? तुमी सैनिक व्हा. या माझ्यामागं!”

चप्पल हातात घेऊन मी सैनिक झाले. चारदा चुकले.

नव्या खर्ड्यातून मंत्र गेला. सैनिक रेवाच्या आवाजामागं धावतात आणि भलत्याच बाजूला निघतात. जादू एकाच जागी उरली: तळाशी, पाण्याखाली उघडणारं दार.

साहेबांचा पुन्हा फोन. “आता घाबरलो. छापू. फक्त तो पाठीमागून येणारा आवाज काढा, पटत नाही. आणि त्या दाराचा फोटो मिळेल का? कव्हरला घेऊ.”

आवाज आम्ही काढला नाही. फोटो कुठून देणार? दार पटायला आधी पायऱ्या खऱ्या असाव्या लागतात. कव्हरवर शेवटी पायऱ्याच घेतल्या.