रविवारच्या वर्गातला शेवटचा बाक

माझी बेंबळीत पिठाची गिरणी आहे. गिरणी कितीही झाडा, संध्याकाळी कोपऱ्यात पसाभर पीठ असतंच. आमच्या रविवारच्या वर्गाचे किस्से तसेच साचलेत. मध्येच एखादा आठवतो आणि दळण घेऊन आलेल्या बायका विचारतात, "मीराताई, एकट्याच काय हसायलाव?"

तर सांगूनच टाकते. लेक नर्सिंगला लातूरला गेली, घर रिकामं झालं आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी मी बाहेरून बीएचा फॉर्म भरला. बारावीनंतर थेट पंचवीस वर्षांनी! दर रविवारी धाराशिवला वर्ग. शेवटच्या बाकावर आम्ही तिघं: मी, लोहाऱ्याचे भोसले मामा, म्हणजे एसटीतले कंडक्टर, आणि कळंबच्या रुक्मिणीअक्का, अंगणवाडी सेविका. आमच्या तिघांच्या वयाची बेरीज दीडशेच्या वर जाते. बाकीचा वर्गही काही फार कोवळा नव्हता म्हणा!

*

पहिला दिवस. भोसले मामा जाड भिंगाचा चष्मा लावून, बगलेत डायरी धरून आत आले. अख्खा वर्ग उभा राहिला. "नमस्कार सर!" मामांनी मागं वळून बघितलं, सर कुठं आहेत म्हणून!

ते शेवटच्या बाकावर येऊन बसले तेव्हा कुठं सगळे खाली बसले. मग पाठीला सॅक लावलेला एक पोरगेला तरुण आला आणि फळ्यापाशी उभा राहिला.

अक्का म्हणाल्या, "बाळा, तिथं नको उभारू. सर यायलेत. बस हितं."

तो बसला! अक्कांच्या आवाजात अंगणवाडीची पंचवीस वर्षं आहेत, माणूस आपोआप बसतो. पाच मिनिटांनी हळूच म्हणाला, "अक्का, सर मीच आहे."

"मग आधी न्हाय का सांगायचं? घ्या, चिवडा खावा."

*

भोसले मामा शनिवारची ड्युटी करून थेट वर्गात यायचे, त्यामुळं दुसऱ्या तासाला त्यांची मान हमखास कलायची. एकदा सरांनी वर्ग शांत करायला टेबलावर डस्टर आपटलं. मामा झोपेतच ओरडले, "म्होरं सरका, म्होरं! दारात गर्दी करू नका!"

पहिल्या बाकावरच्या दोघी खरंच सरकल्या. त्यातली कडेची खाली पडता पडता वाचली.

*

अक्कांना यायला उशीर व्हायचा. सरांनी एकदा धीर करून विचारलं, "अक्का, आज काय झालं?"

"सुनंचं बाळंतपण हाय, सर."

सरांनी वही उघडली. "अक्का, याच वर्षात हे तिसरं बाळंतपण सांगताय तुम्ही!"

"मला सुना बी तीन हायत, सर!"

पंधरा दिवसांनी त्यांनी तिन्ही बारशांचे पेढे एकदमच आणले. सरांनी उशिराचा विषय परत काढला नाही.

*

अभ्यासाला मला गिरणीशिवाय जागा नाही. समाजशास्त्राचं पाठ होईना, म्हणून मी एका पुठ्ठ्यावर "कुटुंबाचे प्रकार व लक्षणं" असं मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला टांगलं. दळणाचा नंबर येईपर्यंत बायका करणार काय? त्या मोठ्यानं वाचायच्या. माझं पाठ व्हायच्या आधी त्यांचंच झालं!

एक दिवस गल्लीतल्या शांताकाकू आणि त्यांची सून गिरणीतच भांडल्या. सुनेनं आपला डबा सासूच्या डब्यापासून वेगळा काढून ठेवला. झालं! शांताकाकूंनी भिंतीकडं बोट केलं आणि म्हणाल्या, "बघा, बघा! विभक्त कुटुंबाचं पहिलं लक्षण!"

सूनही कमी नव्हती. म्हणाली, "संयुक्त कुटुंबाचं चौथं वाचा की आत्या. कर्त्या माणसानं सगळ्यास्नी सारखं बघावं!"

मग त्या दोघींसकट सगळ्याच हसत सुटल्या. दोन्ही डबे मी एकदमच दळले.

*

आता माझंच सांगते. ते तेवढं हसण्यासारखं नाही.

तिसऱ्या वर्षाला माझं मन उडालं. इंग्रजी दोनदा राहिलं होतं, पण कारण ते नव्हतं. पुस्तक उघडलं की अक्षरं दिसायची, आत काही जायचं नाही. कशासाठी करतेय, कुणाला दाखवायचंय, असं वाटायचं. घरातलं कुणी अडवत नव्हतं, हेच अवघड होतं. अडवलं असतं तर जिद्दीनं गेले असते! मालक म्हणायचे, "तुला वाटंल तसं कर." आणि माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणते, शाळेची पायरी कधी न चढलेल्या, त्या एवढंच विचारायच्या, "आज न्हाय का जायचं?"

"गिरणीत काम हाय, आत्या."

असे चार रविवार गेले. मामांचे, अक्कांचे फोन मी उचललेच नाहीत. सरांचा उचलला. ते म्हणाले, "मीराताई, हा रविवार चुकला तर तुमचा परीक्षेचा फॉर्म मला पुढं पाठवता येणार नाही."

मी म्हटलं, "नका पाठवू, सर."

फोन ठेवला आणि ज्वारीचा डबा गिरणीत ओतला. फार रडू आलं. गिरणीच्या आवाजात कुणाला कळलं नसेल, असं मला वाटलं. आत्या शेजारीच बसून डाळ निवडत होत्या.

*

त्या रविवारी सकाळी आत्यांनी ठेवणीतलं लुगडं नेसलं. "धाराशिवला जाऊन येते. चष्मा दाखवायचाय." मी त्यांना गाडीत बसवून दिलं आणि गिरणी चालू केली.

दुपारी भोसले मामांचा फोन आला. का कोण जाणे, या वेळी मी उचलला. मामा म्हणाले, "मीराताई, आज तुमच्या जागंवर कोण बसलंय, ठावं हाय का?"

झालं होतं असं. सरांनी हजेरीत माझं नाव पुकारलं आणि शेवटच्या बाकावरून आवाज आला, "हाय!"

सरांनी मान वर केली. "आजी, तुम्ही कोण?"

"मीराची सासू. तिला जमंना, म्हून म्या आले. घरटी एक माणूस लागतंय न्हवं? लग्नाला, मौतीला, गावाच्या कामाला, आमच्याकडं घरातलं एक गेलं की झालं."

"आजी, इथं तसं चालत नाही."

"बरं. पर आमच्या घरचं कुणीच आलं न्हाय, असं तर तुमाला म्हणता यायचं न्हाय!"

सरांनी हजेरीवर पेन टेकवलं. त्यांनी काय लिहिलं ते त्यांनाच ठाऊक. अक्कांनी आत्यांना सरकून जागा दिली. सरांनी स्थलांतर शिकवायला घेतलं. फळ्यावर त्यांनी ऊसतोड, पुणे, कारखाने असं काय काय लिहिलं आणि विचारलं, "स्थलांतर म्हणजे काय? कोण सांगेल?"

नेहमीप्रमाणं सगळ्यांच्या माना खाली. आत्या गुडघ्याला हात लावून उठल्या.

"आपलं घर सोडून दुसरीकडं ऱ्हायला जायाचं, आन मग तिथलंच हून जायाचं. त्येच न्हवं?"

"हो, आजी. एखादं उदाहरण?"

"एक म्या. आन दुसरी आमची मीरा."

मामा म्हणाले, सरांनी फळ्यावरची यादी पुसली आणि नव्या यादीत सगळ्यात वर लिहिलं, "लग्न".

संध्याकाळच्या गाडीला मी स्टँडवर जाऊन उभी राहिले. आत्या उतरल्या. हातातली पिशवी माझ्याकडं दिली आणि त्या वाटेला लागल्या.

"आत्या, चष्मा दाखवला का?"

"न्हाय. सर मातूर चांगलं पोरगं हाय. लई हळू बोलतंय, पर चांगलं हाय."

थोडं चालून त्या थांबल्या. "दोन सवाल इचारले त्येनं मला. एकाचं उत्तर म्या दिलं. दुसऱ्याला म्हणलं, ह्येचं आमची मीरा देईल, फुडल्या रविवारी."

"कुठला सवाल, आत्या?"

"त्ये मला काय ठावं! जाऊन इचार की त्येला!"