बेलडोहातलं पाणगवत

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तिनं कधी विचारलं नाही, हे खरं; पण तिनं का विचारावं? गावात खरं बोलणारा म्हणून माझं नाव आहे. तुम्हाला सांगतो आहे — तेही अडखळतच.

आमचं गाव वर्धेच्या काठी, कौंडण्यपूरहून चालत येण्याइतकं. पावसाळा सरला की आम्ही काही घरं नदीच्या वाळूत खड्डे करतो, तळाशी खत घालतो आणि डांगराचे, म्हणजे खरबुजाचे, वेल लावतो. त्याला आम्ही वाडी म्हणतो. वाड्यांच्या वरच्या अंगाला बेलडोह. त्याच्या तळाशी पाणगवत होतं — दाट, लांब, धारेबरोबर कललेलं. मासोळ्या त्यातच अंडी घालत. म्हणून ढिवर तिथं जाळं टाकत नसत, आम्ही म्हशी घालत नसू. कुणी तसा हुकूम काढला नव्हता. पाळत होतो, इतकंच.

त्या वर्षी माझं शेणखत शेतातच संपलं. वाडीत बावीस खड्डे उघडे. कौंडण्यपूरची जत्रा आली, सारं गाव तिकडे गेलं. मी गेलो नाही. डोहात उतरलो आणि पाणगवत उपटलं — मुळासकट, कारण मुळाशी गाळ असतो आणि तो वेलाला मानवतो. थोडंच घ्यायचं ठरवलं होतं. पण बावीस खड्ड्यांना थोडं कसं पुरणार? दिवस मावळेपर्यंत निम्मा तळ उघडा झाला. खड्ड्यांवर वाळू लोटली. झालं.

चैत्रात पाणी उतरलं आणि तो तळ साऱ्यांना दिसला. ढिवरांच्या जाळ्यात काही येईना. पारावर माणसं जमली. ढिवरांची सखूबाई म्हणाली, "गवताले का पाय फुटले? का जत्रा पाहाले गेलं तेबी?" लोक हसले. मीही हसलो असेन.

मग नजरा सुखदेवकडे वळल्या. त्याच्या घरच्यांनी धम्माची दीक्षा घेतली होती, आणि त्यानं त्याच साली पहिल्यांदा वाडी धरली होती — माझ्या शेजारी, डोहाला लागून. दोन्ही गोष्टी काहींना खुपत होत्या. "पयल्याच वर्षी एवढे डांगर कावून येऊन राह्यले याले?" एक जण बोलला.

"हात हायेत म्हणून," सुखदेव म्हणाला. "तुमाले नाहीत का?" मग त्यानं माझ्याकडे बोट केलं. "भाऊले इचारा. त्यायची वाडी माह्या बाजूले हाये. ते खोटं नाही बोलत."

मी काय म्हणालो? "मी कोणाले उपटताना पाह्यलं नाही." शब्द न् शब्द खरा. मी हिशेबी माणूस — वाक्यही मोजून बोललो. पण मान खाली होती, मध्येच थांबलो होतो. साऱ्यांना वाटलं, हा शेजाऱ्याला पाठीशी घालतो आहे. त्यांना तसं वाटतं आहे, हे मला दिसत होतं. मी वाटू दिलं.

पुढच्या साली गावानं सुखदेवला वाडीसाठी वाळू दिली नाही. तो बायको-पोरं घेऊन अकोल्याला गेला, कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लागला.

डोह पुन्हा भरायला हवा होता, आणि पुढे झालो मी. वरच्या डोहातून पाणगवताचे ठोंब आणायचे, मुळाशी चिखलाचा गोळा सुतळीनं बांधायचा, बुडी मारून तळात दाबायचे. दोन वर्षांची लावणी पुरात गेली. तिसऱ्या वर्षीची धरली. गावानं मला डोहाचा राखणदार केलं. नाही म्हटलं असतं तर कारण काय दिलं असतं? आणि आता सोडू म्हटलं, तरी लोक विचारतीलच — कावून? उत्तर एकच आहे, आणि ते माझ्या तोंडून निघत नाही. म्हणून दरवर्षी पाण्यात उतरतो. लोक कौतुक करतात.

गेल्या हिवाळ्यात नात्यातल्या लग्नासाठी अकोल्याला गेलो होतो. जिनिंगच्या फाटकाशी सुखदेव भेटला. डोकं पांढरं झालेलं. त्यानंच हाक मारली.

"भाऊ, मासोळ्या आल्या का डोहात?"

"आल्या."

"बरं झालं." मग म्हणाला, "आता तं माह्यं नाव नसन घेत कोणी?"

"नाही," मी म्हणालो.

दरवर्षी लावणीला नवी पोरं येतात. काठावर चिखलाचे गोळे वळता वळता विचारतात, पहिलं गवत कोणी उपटलं होतं? राखणदारालाच विचारतात. सुखदेवचं नाव त्यांना मी सांगतो.